विमलकाकूंचं ‘या बसा’

विमलकाकूंना जाऊन आता वर्ष होत आलं. गल्लीत त्यांचं नाव निघालं की बाया अजूनही पदर डोळ्यांना लावतात. मला रडू येत नाही, राग येतो. रोज ऑफिसला जाताना त्यांच्या घराला लागलेलं कुलूप दिसतं आणि सकाळी सकाळी माझं डोकं फिरतं. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीत कुलपं काही कमी नाहीत. पण त्या दाराला कुलूप शोभत नाही.

त्या दाराला मुळात बाहेरून कडीच नव्हती. काका असताना पुढच्या खोलीत त्यांचं किराण्याचं दुकान होतं. काका गेले, दुकान बंद झालं. काकूंनी बरण्या शेजारीपाजारी वाटून टाकल्या, तराजू भंगारात दिला आणि एक दहा किलोचं लोखंडी वजन तेवढं ठेवून घेतलं. सकाळी अंगणात सडा टाकून झाला की त्या दार सताड उघडायच्या आणि ते वजन दाराला टेकवायच्या. संध्याकाळी देवाजवळ दिवा लागेपर्यंत ते वजन तिथून हलायचं नाही.

मी मूळची नाचणगावची. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही या गल्लीत राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले. दार उघडं होतं. तरी परक्याच्या घरात एकदम कसं शिरायचं, म्हणून मी दारावर टकटक केली. आतून काकू आल्या त्या तांबारलेल्या डोळ्यांनीच. म्हणाल्या, "दार उघडं हाय ना? मंग वाजवून काऊन राह्यली? पाव्हणी हाय का तू?"

मी गांगरले. त्यांनी मला विरजण दिलं, बसवलं, चहा केला, आणि चहा संपेपर्यंत मला झापत राहिल्या. खुर्चीच्या कडेवर काय बसली, नीट बस. साखर कमी लागते तर आधी का नाही सांगितलं. आल्या आल्या ‘निघते’ म्हणणारी माणसं त्यांना मुळीच चालत नसत. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की शेजारीण भांडकुदळ आहे, जपून राहायला पाहिजे. पुढे आमचं मेतकूट जमलं ते दोघीही तापट म्हणून. मी पतसंस्थेच्या काउंटरवर दिवसभर लोकांचं ऐकून घेते आणि संध्याकाळी तो सगळा राग घेऊन घरी येते. तो ओतायला काकूंचा ओटा बरा होता.

काकूंच्या रागाचं एक होतं. त्यांना कोणी यायचा त्रास कधी झाला नाही, कोणी अडवलं की मात्र त्या पेटायच्या. एकदा त्यांच्या नणंदेनं लग्नाच्या मांडवात चार बायांसमोर टोमणा मारला, की विमलचं घर म्हणजे धर्मशाळा. काकू ताटावरून उठल्या नाहीत. घास गिळून शांतपणे म्हणाल्या, "धर्मशाळाच हाय. पण माही हाय." आणि बुंदी आणखी वाढायला सांगितली.

दुसरी गोष्ट नळाची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बोअरचा सार्वजनिक नळ आहे. मे महिन्यात वर्ध्याचं ऊन कसं असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, तेव्हा नळासमोर राहणाऱ्या एका गृहस्थांनी त्याला परस्पर कुलूप घातलं. दुसऱ्या गल्लीतले लोक पाणी नेतात, असं त्यांचं म्हणणं. आम्ही सगळ्यांनी घरात बसून त्यांना शिव्या दिल्या. तक्रारीचा अर्ज कोणी लिहायचा यावर चर्चा केली. काकूंनी दाराचं वजन उचललं, दोन्ही हातांत धरून भर उन्हात नळापर्यंत गेल्या आणि कुलपावर घाव घालून ते तोडलं. मग तुटलेलं कुलूप त्या गृहस्थांच्या हातात नेऊन दिलं आणि त्यांना उन्हाचं बाहेर उभं राहू नका म्हणून सांगितलं. परत आल्या, वजन जागेवर ठेवलं आणि माठातलं पाणी प्यायल्या.

तर अशा बाईच्या घरात वायफाय आलं. त्यांचा एकुलता एक मुलगा नितीन पुण्याला असतो, तिथल्या मोठ्या कंपनीत. नातीला रोज संध्याकाळी मोबाइलवर बघता यावं म्हणून त्यानं ते बसवून दिलं. कनेक्शन देणाऱ्या माणसानं विचारलं, काकू, नाव काय ठेवू आणि पासवर्ड काय ठेवू. काकूंनी विचारलं, नाव कोणाला दिसते? तो म्हणाला, आजूबाजूच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये दिसते. मग काकू म्हणाल्या, "मंग ‘या बसा’ लिहा." आणि पासवर्ड? पासवर्ड त्यांनी ठेवू दिला नाही. घराला कडी नाही तर याला कशाला, हा त्यांचा हिशेब होता.

त्या दिवसापासून काकूंचा ओटा भरलेला राहू लागला. त्यात सगळ्यात नेमानं येणारी म्हणजे सुमन. ती आंजीहून भाजी घेऊन येते. दुपारी टोपली रिकामी होत आली की काकूंच्या ओट्यावर टेकायची, माठातलं पाणी प्यायची आणि सासरी असलेल्या लेकीला मोबाइलवर बघायची. काकू बाजूला बसून सुपारी कातरत त्या लेकीलाही रागवायच्या. वाळली काऊन म्हणून, डोळ्याखाली काळं काऊन दिसते म्हणून. सुमनच्या लेकीनं काकूंना प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं, पण ती त्यांना घाबरायची.

मग काकू न्हाणीत पाय घसरून पडल्या. खुब्याला मार बसला, उठता येईना. त्या वेळी सुमन ओट्यावर आली आणि आतून कण्हणं ऐकू आलं म्हणून सरळ आत गेली. तिनं काकूंना उचललं, मला फोन केला, आम्ही दवाखान्यात नेलं. हाड मोडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं.

नितीन दुसऱ्या दिवशी आला. आईचा पाय बघून तो रडला, हेही सांगायला हवं. नाही तर मी त्याच्यावर अन्याय करते असं वाटेल. पण रडून झाल्यावर त्यानं जे केलं ते ऐकून तुमचंही डोकं फिरेल. दार उघडं होतं म्हणून त्याची आई वाचली होती. त्यानं काढलेला निष्कर्ष असा, की दार उघडं ठेवणं धोक्याचं आहे. पुढच्या खोलीत भिंतीवर त्यानं एक कॅमेरा बसवला. त्यात बघायचीही सोय आणि बोलायचीही. वायफायला पासवर्ड घातला, ‘या बसा’ काढून तिथं इंग्रजीतलं काहीतरी कोरडं नाव टाकलं. वायफायच्या डब्याच्या सेटिंगचा पासवर्ड बदलून स्वतःजवळ ठेवला. आईला म्हणाला, आता तू अगदी सुरक्षित आहेस. आणि पुण्याला निघून गेला.

चारपाच दिवसांनी मी तिथंच होते. मी, काकू आणि सुमन चहा पीत बसलो होतो. अचानक भिंत बोलली. नितीनचा आवाज आला, "आई, दार का उघडं आहे? आणि ती बाई कोण आहे?"

सुमनच्या हातातला कप तसाच राहिला. ती बाई. जिनं त्याच्या आईला न्हाणीतून उचलून आणलं ती. सुमन कप खाली ठेवून उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि गेली. काकू इतक्या लाल झाल्या की मला भीती वाटली. त्यांनी दोरीवरचा टॉवेल काढून कॅमेऱ्यावर टाकला. लगेच फोन वाजला. त्यांनी तो उचलला नाही.

त्यानंतर आठवडाभर टॉवेल टाकणं आणि फोन येणं हेच चाललं. सुमन त्या गल्लीतून जायची, पण ओट्यावर बसायची नाही. आणि मग नितीननं पुण्याहून तो पराक्रम केला. त्याला वाटलं, पासवर्ड आईनं सगळ्यांना सांगितला असणार. म्हणून त्यानं सेटिंगमध्ये एक यादी केली, की या यादीतलीच यंत्रं वायफायला जोडली जातील, बाकीच्यांना मज्जाव. प्रत्येक मोबाइलला आपला एक लांबलचक क्रमांक असतो, तो त्या यादीत घालायचा. साहेबांनी कॅमेऱ्याचा क्रमांक चुकीचा घातला. आईच्या मोबाइलचा बरोबर घातला, पण तिचा मोबाइल तो क्रमांक दर वेळी बदलून दाखवतो, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. आणि वर, कोणी बाहेरून सेटिंगमध्ये शिरू नये म्हणून बाहेरून येण्याचा रस्ताच बंद करून टाकला. म्हणजे स्वतःचाही. डब्यावर हिरवा दिवा जळत होता आणि आत कोणालाच जाता येत नव्हतं. ना मला, ना काकूंना, ना कॅमेऱ्याला, ना पुण्याच्या मालकांना.

हे मला कळलं ते नितीनचा फोन आला तेव्हा. आवाजात आधीचा रुबाब नव्हता. म्हणाला, मंदाताई, डब्याच्या मागे एक बारीक छिद्र आहे, त्यात पिन टोचून धरा, सगळं पुसून पहिल्यासारखं होईल. पुढचं मी बघतो. मी पिन घेऊन काकूंकडे गेले. काकूंनी माझा हात धरला. त्यांना सगळं नीट समजावून घ्यायचं होतं. मला समजलं तितकं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे आता तो बाहेर हाय? मी म्हटलं, हो, तोही बाहेर. काकूंना पहिल्यांदा हसू आलं. म्हणाल्या, राहू दे मग काही दिवस.

राहू दिलं. नातीचं दिसणं बंद झालं, ते त्यांना झोंबत होतं. संध्याकाळी त्या मोबाइल हातात घेऊन उगाच बसायच्या. पण पिन टोचू देत नव्हत्या. मग नितीननं निर्वाणीचं सांगितलं. रविवारपर्यंत कॅमेरा सुरू झाला नाही तर मी गाडी घेऊन येतो आणि तुला पुण्याला नेतो, घराचं काय करायचं ते नंतर पाहू. काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या, वजनावर एक हात ठेवून. मला म्हणाल्या, ‘पाहू’ म्हणजे काय करीन गं तो? पुण्यातल्या त्याच्या आठव्या मजल्यावरच्या घरात दाराला वजन टेकवून बसता येत नाही, एवढं आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कनेक्शनवाल्या माणसाला बोलावून घेतलं. तो आला, लॅपटॉपची वायर डब्याला लावली. म्हणाला, यादी फक्त हवेतून येणाऱ्यांसाठी असते, वायरवाल्याले ते अडवत नाही, तवा काम सोपं हाय. पण सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड भैय्यानं बदलला. तो त्यांना विचारा, म्हणजे आत्ता होऊन जाईल. काकूंनी विचारलं, मग पासवर्ड त्याचाच राहीन ना? तो म्हणाला, हो, त्यांचाच. काकू म्हणाल्या, नको. पिन टोच.

त्यानं टोचली. हिरवा दिवा गेला, लाल लागला, पुन्हा हिरवा आला. सगळं पुसलं गेलं. आता इंटरनेट कंपनीचं लॉगिन नव्यानं भरायचं होतं, आणि तिथं गाडी अडली. तो खाली मान घालून म्हणाला, "काकू, कनेक्शन भैय्याच्या नावावर हाय. ओटीपी त्यांच्याच फोनवर जाईन. त्यांना विचारल्याशिवाय मले काही करता येत नाई."

मी त्याच्यावर ओरडले. त्याची काही चूक नव्हती, पण मला कोणावर तरी ओरडायचंच होतं. घर हिचं, भिंत हिची, डबा हिच्या भिंतीवर, आणि आत जायला परवानगी पुण्याची. काकू मात्र ओरडल्या नाहीत. त्यांनी नितीनला फोन लावला आणि माझ्याकडे बघत बोलल्या. मला त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्या म्हणाल्या, की ओटीपी सांग. कॅमेरा मी चालू ठेवीन. पण सेटिंगचा पासवर्ड माझा राहीन, तुला सांगणार नाई. तिकडून तो बराच वेळ काहीतरी समजावत होता. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नितीन, तू जलमला तवापासून हे दार तुह्यासाठी उघडं हाय. अन् तू मले माह्याच घराबाहेर उभं करून राह्यला. हे मी कोणाले सांगू?"

फोन कानाला तसाच. मग त्यांनी एकेक आकडा मोठ्यानं म्हटला आणि तो माणूस लॅपटॉपवर भरत गेला.

सेटिंगचा नवा पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा काकूंनी त्याला आणि मला दोघांनाही भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मला जरा लागलं ते. मागे एका बोटानं एकेक बटण दाबल्याचा आवाज येत होता. मधेच त्या चिडल्या, खोडलं, पुन्हा टाकलं. मग नाव. ते मात्र त्यांनी आम्हाला बघू दिलं. ‘या बसा’ पुन्हा आलं, बिनपासवर्डचं. मग मला कॅमेरा भिंतीवरून काढायला लावला आणि समोरच्या कपाटावर ठेवायला लावला, थेट दाराकडे तोंड करून. म्हणाल्या, त्याले दाराचीच काळजी हाय ना, मग दारच पाहू दे. कोण येते, कोण जाते, दिवसभर पाह्य म्हणा.

मग त्या स्वतः सुमनच्या वाटेवर गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या, त्या दुखऱ्या पायानं. सुमन दिसली तसं तिला झापलं, की पाणी प्यायला पत्रिका पाठवायची का तुले. सुमन आली. ओट्यावर बसण्याआधी तिनं एकदा कपाटाकडे पाहिलं, आणि मग कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली.

नितीन रविवारी आला नाही. त्यानंतरचा उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळीपर्यंतचे दिवस काकू आपल्या घरात आपल्या मनासारख्या राहिल्या. तो रोज बघत होता. सडा टाकलेला, वजन टेकवलेलं, येणारीजाणारी माणसं, सगळं बघत होता. दिवाळीला येतो म्हणाला होता, पण कामात अडकला. मी हे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी, काकू दारातच गेल्या. पाटावर बसल्या होत्या, सुमन शेजारी होती. मी ऑफिसमधून पोहोचले तेव्हा त्यांचं डोकं सुमनच्या मांडीवर होतं आणि ओटा माणसांनी भरला होता.

दिवस झाल्यावर नितीननं मला बोलावलं. मला वाटलं, पासवर्ड विचारेल. विचारला. मी म्हटलं, मला माहीत नाही, मला त्यांनी भिंतीकडे तोंड करायला लावलं होतं. खोटं नव्हतं, आणि सांगताना मला बरं वाटलं. बाहेर एक सुतार त्या दाराला कडी बसवत होता. नितीन डब्याकडे बघत राहिला. मी मनात म्हटलं, टोच आता पिन, तुला कोण अडवतं. त्यानं टोचली नाही. खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला. काकू गेल्या त्या दिवशीचं सकाळचं चित्रण होतं.

काकू सडा टाकून आत येतात. दार उघडतात, वाकून वजन सरकवतात, कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात. मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येतात. इतक्या जवळ की फक्त कपाळावरचं गोंदण आणि डोळे दिसतात. पदरानं काच पुसतात. आणि नेहमीच्या रागावलेल्या आवाजात म्हणतात, "पाहून राह्यला ना? मंग ये की एखाद्या दिवशी. दार तं उघडंच हाय."

नितीन म्हणाला, मी तेव्हा बघत होतो, ताई. मीटिंगमध्ये होतो. संध्याकाळी बोलू म्हटलं. माझ्या तोंडावर आलं होतं ते त्या घरात शोभलं नसतं.

मोबाइलवर चित्र पुढे सरकत होतं. दुपार झाली, ओट्यावर टोपली टेकली, काकू पाटावर येऊन बसल्या. तिथं त्यानं बोट ठेवून चित्र थांबवलं. पुढचं त्याला बघवत नव्हतं. काकूंच्या शेजारी, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेल्या बाईवर त्याचं बोट होतं. पुण्याला गेल्यापासून तो आमच्याशी कधी आपल्या बोलीत बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला. म्हणाला, "मंदाताई, ते बाई कोण व्हय?"

मी त्याला नाव सांगितलं. तेवढंच सांगितलं, बाकीचं त्याचं त्यानं जाऊन विचारावं. सुताराचं काम झालं होतं. दार लावायचं म्हणून नितीन वाकला आणि वजन एका हातानं उचलायला गेला. ते पेललं नाही. त्याला ते दोन्ही हातांनी उचलावं लागलं.